मेअखेरचे दोन दिवस कोकणच्या बेटांवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून थोड्याच अंतरावर. एप्रिल सरला की फोन सुरू होतात: "शनिवार-रविवार येतोय, किल्ल्यावर बोट मिळेल ना?" तेच तेच प्रश्न येतात आणि उत्तरं मात्र दर वेळी घाईत दिली जातात. म्हणून या वर्षी सगळं एकदा नीट लिहून ठेवलं. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत, आणि काही जागी आम्ही हट्टी आहोत.

बेटांवर जायच्या बोटी कधी बंद होतात?

साधारण २५-२६ मेला. तिथून ३१ ऑगस्टपर्यंत छोट्या बंदरांतली प्रवासी होड्यांची वाहतूक आणि पाण्यावरचे खेळ सरकारी आदेशाने बंद असतात. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी यायचं तर मेचा तिसरा आठवडा धरावा, चौथा मिळाला तर नशीब. एखाद्या वर्षी हवा आधीच बिघडते आणि बंदी यायच्या आतच नाखवे होड्या वर ओढतात. अशा वेळी "अजून तारीख आली नाही की" म्हणून वाद घालू नका. समुद्र तारीख बघत नाही आणि नाखवाही बघत नाही.

एवढं ऊन, एवढी गर्दी, मग मेअखेरीलाच का यावं?

कारण हे दिवस वर्षात एकदाच येतात. हापूस संपत आलेला असतो, रायवळ पिकून खाली पडत असतो. करवंदं, जांभळं, फणस सगळं एकाच वेळी असतं. संध्याकाळी पश्चिमेला ढग जमायला लागतात आणि वळवाची एखादी सर येऊन गेली की लाल मातीचा वास रात्रभर टिकतो. थोडं आत, डोंगराच्या बाजूला गेलात तर झाडांवर काजवे दिसायला लागलेले असतात. बंदरात आगोटीची लगबग असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुके बोंबील, सुकट, खारे बांगडे, कोकमं, आंब्याची साठं, सगळ्याची खरेदी याच दिवसांत. हिवाळ्यात समुद्र शांत असतो आणि पाणीही नितळ असतं, ते खरं. पण कोकण घाईत, कामात, पावसाची वाट बघताना पाहायचं असेल तर ते आत्ताच.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो सगळ्यात आधी विचारायला हवा. हॉटेल ठरवायच्या आधी, सुट्टी टाकायच्या आधी.

मोबाइलवर तक्ते मिळतात, ते जरूर बघा. पण घरातल्या दिनदर्शिकेवरूनही हिशेब होतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे चांगला जुळतो. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तिथे स्थानिक तक्ताच बघावा.

आता यातली मेख. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते. वेळ सोयीची वाटते, पण भांगाच्या ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायची वाट पुरती उघडी पडेलच असं नाही. उलट ऐन पौर्णिमेला वाट छान उघडते, पण पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून गुरुवारी पौर्णिमा किंवा अमावास्या आलेला आठवडा शोधा. शनिवारी द्वितीया आली की ओहोटी सकाळी पावणेआठच्या सुमारास, रविवारी तृतीयेला साडेआठच्या. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस असतोच, त्यामुळे पाणीही लांब जातं, आणि सकाळची वेळ म्हणून ऊनही सोसवतं. आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही आधी हीच तारीख काढून देतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, हे खरं का?

खरं. ओहोटीला वाळू आणि खडकांवरून चालत जाता येतं, घोडागाड्याही जातात. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८०च्या सुमारास सुरू झालं. पुढे ते आंग्र्यांचं ठाणं झालं. आत गणपती पंचायतनाचं देऊळ आहे आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचं तळं आहे. बुरुजावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. मुलं तिथून हलत नाहीत.

आणि तिथेच वेळ जातो. काही वर्षांपूर्वी आमचंही तसंच झालं. सात वर्षांचा पुतण्या बरोबर होता, तळ्यापाशी बसलो, डबा उघडला, गप्पा रंगल्या. बाहेर आलो तेव्हा वाट समोर दिसत होती, पलीकडचा किनारा तर अगदी जवळ वाटत होता. निम्म्यात पोहोचलो आणि कळलं की मधला भाग सखल आहे आणि पाणी आधी तिथेच भरतंय. पोराला खांद्यावर घेतलं. पाणी कमरेपर्यंत आलं होतं आणि बाजूने ओढत होतं. एका घोडागाडीवाल्याने गाडी वळवून आम्हाला वर घेतलं. त्या दिवसापासून आमचा नियम एकच आहे: ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी वळायच्या सुमारास परतीची वाट धरायची. किल्ला राहिला तर राहिला. आत अडकलात तर बुरुजाखाली बसून पुढची ओहोटी येईपर्यंत थांबा, सहा तास लागले तरी. त्या वाटेवर भरतीत उतरून माणसं गेली आहेत.

दोन दिवसांत नेमकं कोणतं बेट बघावं?

एकच बघा. दोन दिवसांत अलिबाग, मुरूड आणि हर्णै असं जोडणारे येतात आणि गाडीतच बसून परत जातात.

पहिल्यांदाच येणाऱ्यांनी मुरूड-जंजिरा करावा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. वाऱ्यावर चालणाऱ्या होडीत बसणं हाच निम्मा आनंद आहे. किल्ल्याचा मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसता सलग तट दिसतो. आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत आणि कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. सिद्दींचा हा किल्ला शेवटपर्यंत कुणाला लढून घेता आला नाही. त्याला शह द्यायला महाराजांनी जवळच कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. तिथे बोट नेहमी मिळते असं नाही, मिळाली तर सोडू नका.

आमचं मन अर्थात सुवर्णदुर्गावर. हर्णै बंदरातून होडीने पंधरा-वीस मिनिटं. दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि तटात मारुती. तटाचा काही भाग मूळ खडक तासूनच केलेला आहे. नीट बघितलं तर बांधकाम कुठे संपतं आणि कातळ कुठे सुरू होतो, ते बोट ठेवून दाखवता येतं. पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा चोरदरवाजा आहे. आत झाडोरा माजलेला असतो, सावली कमी आणि पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागू शकतो. कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी जोडलेला हा किल्ला १७५५मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. परत आल्यावर किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर चढा. मघाशी जिथे फिरत होतो ते बेट तिथून पूर्ण दिसतं.

खांदेरीला जायचं तर अलिबागजवळच्या थळहून. १६७९मध्ये महाराजांनी ते बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांनी आरमार आणून रोखायचा प्रयत्न केला आणि तो फसला. महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी यांचं नाव या लढाईशी कायमचं जोडलेलं आहे. बेटावर १८६७चं दीपगृह आहे, कोळी बांधवांचं वेताळाचं देऊळ आहे आणि एक दगड असा आहे की त्यावर लहान दगड आपटला की भांड्यासारखा आवाज येतो.

सिंधुदुर्गासाठी मालवण गाठावं लागतं, म्हणजे रात्रीचा प्रवास आलाच. कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४मध्ये पायाभरणी झाली. सुमारे तीन किलोमीटरचा नागमोडी तट, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी, शिवराजेश्वराचं मंदिर आणि चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसे. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघायला विसरू नका. किल्ल्याच्या कामाआधी पूजा झाली ती तिथे.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आपल्या समुद्रातले आणि किनाऱ्यावरचे आहेत. तटावर नाव कोरणाऱ्याला हे सांगा. आम्ही सांगतो.

पोहता येत नाही. मालवणला पाण्याखाली जाता येईल का?

येईल. मालवण-तारकर्लीला नवख्यांना प्रशिक्षक हाताला धरूनच खाली नेतो. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काहीही असेल तर आधी सांगा, लपवू नका. सर्दी असेल तर उतरूच नका, कानावर दाब येतो. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, एवढं एक ध्यानात ठेवा. मेच्या शेवटी लाटांनी गाळ ढवळलेला असतो, त्यामुळे पाणी डिसेंबरसारखं नितळ मिळणार नाही. "आज काही दिसणार नाही" असं प्रशिक्षक म्हणाला तर तो तुमचं भलं करतोय.

इथला समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. फोटोसाठी ब्रेड टाकून मासे गोळा करणं आम्हाला पटत नाही.

परतीला विमान असेल तर एका डुबकीनंतर किमान बारा तास, एकाहून जास्त झाल्या तर अठरा तास जाऊ द्या. घाट चढून जाणार असाल तर तेही प्रशिक्षकाला विचारून घ्या.

समुद्रात पोहायला हरकत नाही ना?

मेच्या शेवटी आहे. पाऊस यायच्या आधीच दूरवरून मोठ्या लाटा यायला लागतात. वर आकाश निळं असतं, वारा नसतो आणि लाट मात्र अंगावर येते. गणपतीपुळ्यासारख्या सरळ उतरत्या किनाऱ्यावर दोन पावलांत तळ सुटतो.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे दोन फुटत्या लाटांच्या मधली शांत पट्टी. लोकांना वाटतं तिथे पाणी निवांत आहे. खरं तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोराने परत आत जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत बसू नका, दम संपेल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढ काही मीटर रुंदीचीच असते, तिच्यातून बाहेर आलात की लाटा तुम्हाला आत आणतात. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करा. वाचवायला दुसऱ्याने उडी मारायची नाही. दोर, रिकामं कॅन, टायरची ट्यूब, जे तरंगतं ते फेका. गुडघ्याच्या वर जायचं नाही, दारू पिऊन पाण्याजवळही जायचं नाही, आणि गावातला माणूस "इथे नको" म्हणाला तर का, असं विचारत न बसता बाहेर यायचं.

उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, पायाच्या चाहुलीने निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा.

बावटा लागला म्हणजे काय?

बंदरावर धोक्याची खूण चढवतात, तिला आम्ही बावटा म्हणतो. "तीन नंबरचा बावटा लागलाय" ऐकलंत की त्या दिवशी बोट नाही, विषय संपला. मे-जूनमधली अरबी समुद्रातली वादळं आम्ही पाहिली आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि आमच्या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. जी झाडं आजोबांनी लावली होती ती एका दुपारीत गेली. पुढच्याच वर्षी मेच्या मध्याला तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा बघा. समुद्रावर अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किनारा सुरक्षेसाठी १०९३ आणि एरवी ११२.

किनाऱ्यावर तंबू लावून राहता येईल?

ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय नको. पुळणीवर सगळ्यात वर वाळलेल्या शेवाळाची, कचऱ्याची जी रेघ दिसते, ती शेवटच्या भरतीची. उधाणाची भरती त्याच्याही वर येते, तेव्हा तंबू सुरूच्या बनाच्या आतच. शेकोटी अजिबात नको, सुरूची वाळलेली पानं भडकन पेटतात. वेळास, आंजर्ल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बहुतेक एप्रिलपर्यंत समुद्रात जातात, पण उशिराचं एखादं घरटं मेमध्येही असू शकतं. पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या फिरवू नका.

डॉल्फिन दिसतील?

दिसतात, हर्णैला आणि आमच्या दापोलीच्या मुरूडला (जंजिऱ्याचं मुरूड वेगळं), दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी, मालवणजवळ देवबागला. सकाळी लवकर जा. खात्री देणाऱ्याच्या होडीत बसू नका, तो त्यांच्या मागे इंजिन पळवणार.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत. जमेल का?

जमेल, पण होडीत चढ-उतार ही खरी अडचण आहे. होडी हलत असते, धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. सकाळी आठच्या आत जा. मेमध्ये दुपारनंतर खारा वारा जोर धरतो आणि पाणी उसळतं, सकाळी ते तसं नसतं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सिंधुदुर्ग बरा, सुवर्णदुर्ग नको. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागा. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं. मापाचं नसेल तर दुसरी होडी बघा.

नाखव्याशी भाडं कसं ठरवायचं?

बसण्याआधी, आणि सगळं एकदम: जाऊन-येऊन किती, बेटावर किती वेळ थांबणार, डोक्यामागे की होडीमागे. मग घासाघीस करू नका. त्याचे तीन महिने आता बिनकामाचे जाणार आहेत. आणि त्याने दहा माणसं सांगितली तर अकरावा चढवू नका.

कसं पोचायचं?

अलिबागला गेटवेहून मांडव्याची लाँच, किंवा गाडीसकट भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. दापोली-हर्णैसाठी खेड स्टेशन, पुढे एसटी. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली. गाडी असेल तर खाड्यांवरच्या फेरीबोटी वापरा: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मोठा वळसा वाचतो आणि गाडीतून उतरून वारा खाता येतो. रविवारी संध्याकाळी महामार्गावर तुंबतं. जेवून दुपारीच निघा, किंवा सोमवारी पहाटे.

बरोबर काय आणावं?

रबरी तळव्याची बंद चप्पल, कारण कालवांच्या कडा पाय कापतात. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, रोख पैसे. इथलं ऊन पुण्यासारखं कोरडं नाही. घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. मीठ-साखर घालून कोकम सरबत दर दोन तासांनी घ्या. आणि कचरा परत न्यायला एक पिशवी. बेटावर कचरागाडी येत नाही.

जेवायला काय मिळेल?

मासे मिळतील, पण जे आलेत तेच. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून बंद होते, त्यामुळे मेअखेरीला बाजार चढा असतो. सुरमईचा हट्ट धरू नका. बांगडा, मांदेली, तिसऱ्या (शिंपल्या) ताज्या असतील तर त्या खा. संध्याकाळी हर्णैचा लिलाव एकदा तरी बघा: वाळूत मांडलेल्या टोपल्या, बैलगाड्या, आणि कोळणींचा आवाज. वाटेत उभं राहून फोटो काढू नका, तो त्यांचा कामाचा वेळ आहे. शाकाहारी असाल तर आधी कळवा. फणसाची भाजी, घावन आणि नारळाचं दूध, आमरस, सोलकढी एवढं तर नक्की करू.

बोटी बंद झाल्यावर आलो तर?

या. बेट मात्र किनाऱ्यावरूनच बघायचं. तोवर होड्या पुळणीवर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी घरोघरच्या पडवीत दुरुस्तीला निघालेली असतात. कनकदुर्गाच्या टोकावरून सुवर्णदुर्गाच्या तटावर फुटणाऱ्या लाटा दिसतात, पाणी तटाच्या वरपर्यंत उडतं. छत्री टिकणार नाही, इरलं किंवा रेनकोट आणा. बेटावरच जायचं असेल तर नारळी पौर्णिमा होऊन सप्टेंबर लागला की फोन करा. तिथी बघून तारीख आम्ही काढून ठेवू.